परिच्छेद एकेचाळीस

राज्यपालांच्या बंगल्यात मी सव्वीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसले. लोकांना वाटतं, तिथे काम करणाऱ्या बाईला राज्याची सगळी गुपितं ठाऊक असणार. कप्पाळ. गुपितं असायला आधी काही घडावं लागतं. आमच्याकडे जे यायचं ते दुसरीकडे घडून, थंड होऊन, सहीला यायचं. मंत्रिमंडळ ठरवणार, मुख्यमंत्री पाठवणार, राज्यपाल सही करणार. नाही केली तर पेपरात बोंब, केली तर कोणाला पत्ताही नाही. चाळीस खोल्यांचं घर, दारात पहारा, आणि दोन शब्द बोलायला माणूस नाही. मी सात राज्यपाल पाहिले. त्यांतल्या चौघांनी कधी ना कधी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मला फोन करून किती वाजले ते विचारलंय. खोलीखोलीत घड्याळं होती. मी वेळ सांगायची, वर "आज उकडतंय नाही?" असंही म्हणायची. त्यांना तेवढंच हवं असायचं.

पण मला सांगायचंय ते माझ्या शेजारच्या खोलीतल्या माणसाबद्दल. आमच्या दोन खोल्यांमध्ये फळ्यांची भिंत होती आणि भिंतीला एक छोटी खिडकी. तीतून मला त्यांची मान, डावा कान आणि अर्धं टेबल दिसायचं. सव्वीसातली एकवीस वर्षं मी ते पाहत बसले. अख्खं ऑफिस त्यांना स्वल्पविराम म्हणायचं. तोंडावर मात्र कोणी म्हणत नसे, मी सोडून. ते मला एक्स्चेंजबाई म्हणायचे. फिट्टंफाट.

त्यांचं काम एकच होतं. राज्यपालांना जिथे जिथे भाषण वाचायचं असेल, तिथली वाचनप्रत करायची. बोटभर उंचीच्या अक्षरांत, जाड कागदावर, कारण पातळ कागद माइकपुढे कुरकुरतो. एकाच बाजूनं छापायचं. वाक्य पानाच्या शेवटी तुटू द्यायचं नाही. त्यांच्या आधीच्या टायपिस्टनं एकदा ते तुटू दिलं होतं. "माझे शासन या वर्षी पाणीपट्टी वाढवणार" इथे पान संपलं, आणि सभागृहात जो गदारोळ उठला त्यात पुढच्या पानावरचं "नाही" कोणाच्या कानावरच गेलं नाही. त्या टायपिस्टची बदली मग गोदामात झाली.

छापून झालं की स्वल्पविराम पेन्सिल घेऊन बसायचे. एक उभी रेघ म्हणजे अर्धा श्वास, दोन रेघा म्हणजे पुरता श्वास, निळा ठिपका म्हणजे पाण्याचा घोट. नवे राज्यपाल आले की हे गृहस्थ पहिले आठ दिवस नुसते ऐकत फिरायचे. दम कुठे लागतो, जीभ कुठे अडते, ओळ कुठे निसटते. एक राज्यपाल पूर्वी सैन्यात होते, ते दर पाच शब्दांनी आपोआप थांबायचे. त्यांच्यासाठी "थांबू नका" अशी वेगळी खूण काढावी लागली. एकांना जुना खोकला होता. त्यांच्या प्रतीत शब्द कमी आणि रेघाच जास्त. बाहेर लोक म्हणायचे, काय छान बोलतात हो आपले राज्यपाल. मी मनात म्हणायची, बोलवून घेणारा आमच्याकडे बसलाय, आणि तो स्वतः तोंडात मिठाची गुळणी धरून आहे.

कारण माणूस बोलतच नसे. विचारलं तर उत्तर, तेही मोजून. रोज साडेपाचला मी पर्स उचलून खिडकीशी यायची आणि म्हणायची, "येते हो." यावर साधा माणूस काय म्हणतो? "या" म्हणतो. हे मान वर न करता नुसती पेन्सिल वर करायचे. ओळ चुकू नये म्हणून. मी तिला माझा निरोप समजून घरी जायची. घर म्हणजे भावाचं. मागची खोली माझी. वहिनी चांगली होती, ताट झाकून ठेवायची. पण झाकलेलं ताट आणि वाट पाहणारं माणूस यात फरक असतो, तो वहिनी कितीही चांगली वागली तरी भरून निघत नाही.

त्यांची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. कधीमधी बोर्डावर फोन करायची. "आमच्या मुक्यांना द्या हो जरा," म्हणायची आणि स्वतःच हसायची. लाइन लागायच्या आधी आमच्या दोन गोष्टी व्हायच्या. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला, खाली कुलुपं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान. एकदा ती मला म्हणाली, "राज्यपालांना दम कुठे लागतो ते यांना बरोबर कळतं. मला कुठे लागतो ते विचारा की एकदा." मी हसले. तीही हसली. नंतर मला वाटलं, आपण हसायला नको होतं.

ज्या सकाळी ती गेली, त्या सकाळचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही पुष्कळ दिवसांनी. विद्यापीठाच्या समारंभाचं भाषण होतं, पानं घरी आणली होती. ती लसीकरणाच्या पथकाबरोबर नदीपलीकडे निघाली होती. दारात उभी राहून म्हणाली, "येते हं." यांनी पेन्सिल वर केली. ती क्षणभर थांबली. मग जिन्यावर चपला वाजल्या. दुपारी होडी उलटली. पथकातली पाच माणसं गेली, त्यांत ती.

पंधरा दिवस खोली बंद होती. सोळाव्या दिवशी आले, टेबल पुसलं, आणि विद्यापीठाच्या भाषणातली उरलेली पानं काढून रेघा मारायला बसले. समारंभ केव्हाच होऊन गेला होता. मी खिडकीतून पाहत होते. चहा पाठवला. साय धरून तो तसाच राहिला.

पुढं चार महिन्यांनी अभिभाषण आलं. वर्षाच्या पहिल्या अधिवेशनात राज्यपाल सभागृहापुढे जे भाषण करतात, ते. त्याची गंमत ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते. भाषण राज्यपालांचं, पण त्यातला एक शब्द राज्यपालांचा नसतो. एकेक खातं आपापला तुकडा पाठवतं, मंत्रिमंडळ त्याची मोट बांधून मंजूर करतं, आणि राज्यपाल उभे राहून "माझे शासन हे करील, माझे शासन ते करील" असं वाचतात. शासन कसलं माझं? त्यांनी ना ते निवडलं, ना त्यांना ते बदलता येतं. एखादा शब्द गाळला तरी दुसऱ्या दिवशी घटनेवर अग्रलेख.

आणि दुसरी गंमत अशी, की हे भाषण वर्षानुवर्षं कोणी पुरतं ऐकलेलंच नव्हतं. राज्यपाल सुरुवात करणार, विरोधक आरडाओरडा करणार, मग राज्यपाल पहिला परिच्छेद वाचून एकदम शेवटच्यावर जाणार. मधलं सगळं "वाचले असे समजावे". तसा प्रघातच पडून गेला होता. कामकाजाच्या छापील पुस्तकात मात्र सगळंच्या सगळं येतं, जणू काही शब्दन् शब्द खणखणीत वाचला गेला. अकरा वर्षं स्वल्पविराम मधल्या पन्नास-साठ परिच्छेदांवर रेघा मारत होते, आणि त्या रेघांवर कोणी म्हणून थांबलं नव्हतं. मी चिडवायची, "कशाला डोळे फोडता हो?" ते म्हणायचे, "वाचलं तर?"

त्या वर्षी एकंदर बासष्ट परिच्छेद होते. चाळिसावा गोदामांचा, बेचाळिसावा मत्स्यबीजाचा. मधे एकेचाळिसावा. तो मला तोंडपाठ आहे:

"गेल्या वर्षी नदीपात्रात होडी उलटून लसीकरण पथकातील पाच कर्मचारी कर्तव्यावर असताना मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एका परिचारिकेने लशींची पेटी अखेरपर्यंत पाण्याबाहेर धरून ठेवली होती. त्या लशी दुसऱ्या दिवशी मुलांना देण्यात आल्या. माझे शासन या पाचही जणांप्रति कृतज्ञता व्यक्त करते."

नाव नाही, गाव नाही. सरकारी कागदाला आकडे लक्षात राहतात, नावं नाहीत. तरी ते पेटीचं वाक्य आरोग्य खात्यातल्या कुणा कारकुनानं घातलं आणि चार साहेबांच्या हातांखालून ते कसं सुटलं, कोण जाणे. त्याचं भलं होवो.

त्या दिवशी स्वल्पविराम पहिल्यांदाच खिडकीशी उठून आले. पान माझ्यापुढे धरलं. मी वाचलं. पेटीच्या वाक्यापुढे पेन्सिलीच्या तीन रेघा होत्या. इतक्या वर्षांत तीन रेघा मी कुठेही पाहिल्या नव्हत्या.

"ती आहे," ते म्हणाले.

"कळलं मला," मी म्हणाले.

मग ते सकाळचं, जिन्याचं सांगितलं. एका दमात, कुठेही न थांबता. शेवटी म्हणाले, "मी काही बोललो नाही. निदान सगळ्या सभागृहासमोर हे मोठ्यानं वाचलं जावं. एकदा. बस."

एवढंच हवं होतं त्या माणसाला. बढती नको, मदत नको, दोन-चार वाक्यं कुणीतरी मोठ्यानं वाचायची. आणि नेमकी तीच वाक्यं भाषणाच्या पोटात, जिथे अकरा वर्षं कोणी पोचलं नव्हतं.

या वेळी आशा होती मात्र. नव्या राज्यपालबाई पूर्वी न्यायाधीश होत्या. त्यांनी सचिवांना बजावलं होतं, "घसा बसला तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे. निकालपत्रं वाचलीत मी." सचिवांचा चेहरा पडला, पण स्वल्पविराम दोन दिवस सरळ बसले होते. प्रत तीनदा छापली. बाईंना "व्य" वर जीभ अडते म्हणून "व्यक्त" च्या आधी एक रेघ घातली.

माझा मात्र सभागृहावर काडीचा विश्वास नव्हता. आदल्या संध्याकाळी निघताना मी खिडकीत डोकं घातलं आणि म्हटलं, "ऐका माझं. शेवटचा परिच्छेद काही झालं तरी वाचतात. हा त्याच्या डोक्यावर लावून टाका. शेवटच्याच पानावर. कोण बघतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कपाट फोडायला सांगितलं.

"मंत्रिमंडळानं मंजूर केलेला क्रम आहे," ते म्हणाले.

"घाला चुलीत तो क्रम. बाईंना कळणारही नाही, त्या वाचून मोकळ्या होतील."

"आणि सदस्यांच्या हातात दुसरी प्रत असेल. उद्या म्हणतील, राज्यपालांनी शासनाचं भाषण बदललं. आमच्या चुकीपायी त्यांची खुर्ची अडचणीत. नाही, एक्स्चेंजबाई."

मी म्हटलं, मरो, आणि "येते" न म्हणताच गेले. दुसऱ्या दिवशी सफाईवाल्यानं टोपली रिकामी केली तेव्हा त्यात मला एक पान दिसलं, चार तुकडे केलेलं. बासष्टावा परिच्छेद होता, आणि त्याच्या डोक्यावर एकेचाळिसावा, त्याच मोठ्या अक्षरांत, त्याच तीन रेघांसकट. म्हणजे मी गेल्यावर त्यांनी ते छापून पाहिलं होतं. नाकासमोर चालणाऱ्या त्या माणसानं एवढं तरी केलं, आणि मग स्वतःच फाडलं. मी तुकडे उचलले नाहीत. माझं ते नव्हतं.

अभिभाषणाच्या दिवशी सभागृहातला आवाज एका लाइनवरून बंगल्यावर यायचा. मी तो माझ्या टेबलावरच्या स्पीकरला जोडला आणि खिडकी उघडी ठेवली. स्वल्पविराम त्यांच्या खुर्चीत, हातात कार्यालयीन प्रत. बाईंचा आवाज आला. पहिला परिच्छेद. दुसरा. रेघेवर थांबत होत्या, बरोबर. आरडाओरडा सुरू झाला तरी चढ्या आवाजात तिसरा, चौथा. नवव्या परिच्छेदापर्यंत पोचल्या. अकरा वर्षांत कोणी नवव्यापर्यंत गेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. कान लाल झाला होता.

मग बाकांवर काहीतरी आपटल्याचे आवाज आले. कागद फाडल्याचे. कोणीतरी अगदी माइकजवळ येऊन ओरडत होतं. अध्यक्ष काहीतरी म्हणाले. बाई पुन्हा दहावा वाचू लागल्या, दोनदा सुरू केला, दोनदा बुडाला. मग थोडा वेळ नुसता गोंगाट. आणि मग बाईंचा आवाज, अगदी सपाट: "उर्वरित भाषण वाचले असे समजावे." लगेच बासष्टावा. धन्यवाद. राष्ट्रगीत.

मी लाइन काढली. स्वल्पविरामांनी प्रत बंद केली, कडा जुळवल्या, दोरीनं बांधली. प्रत त्याच दिवशी अभिलेखात जमा करायची असा नियम होता. बाईंची वाचनप्रत यायची राहिली होती, म्हणून ते वाट पाहत बसले. डबा उघडला नाही.

तीनच्या सुमाराला बोर्डावर वरच्या मजल्याचा दिवा लागला. राज्यपालबाई. घसा पार बसलेला. "ती वाचनप्रत करणारे गृहस्थ आहेत का? द्या त्यांना."

मी जोडून दिलं. आणि आता खरं सांगते, माझ्या कानातला आवाज तोडणारी कळ खाली केली नाही. सव्वीस वर्षांत मी दुसऱ्याचं बोलणं ऐकलं ते एवढंच. खिडकीतून त्यांची मान दिसत होती आणि कानात दोघांचे आवाज.

"गाडीत बसून मी उरलेलं चाळत होते," बाई म्हणाल्या. "परिच्छेद एकेचाळीस. इथे तुम्ही तीन रेघा मारल्यात. दुसरीकडे कुठेच तीन नाहीत. मी सगळी पानं पाहिली. का?"

मी मनात म्हणत होते, सांगा, सांगा, अहो सांगा. खुद्द राज्यपाल विचारतायत. एक वाक्य बोला की त्या तिथल्या तिथे वाचतील, तुमच्या कानात वाचतील. बाई थांबल्या होत्या. न्यायाधीश होत्या, त्यांना थांबता येत होतं.

"श्वासासाठी, महोदया," स्वल्पविराम म्हणाले.

"इथे? वाक्य तर दीड ओळीचं आहे."

"त्या जागी दम लागतो."

"असं. मला वाटलं, काही असेल. वाचायचं राहूनच गेलं हो ते."

"वाचलं असं समजायचं असतं, महोदया."

"हो," बाई म्हणाल्या. "समजायचं असतं खरं." त्यांनी फोन ठेवला. पाच वाजता त्यांनी मला वेळ विचारली. मी सांगितली, पण उकडण्याबद्दल काही बोलले नाही.

तीन वाजताच मी हेडफोन काढून तणतणत स्वल्पविरामांच्या खोलीत गेले होते. बोर्ड सोडून जाणं हा गुन्हा, पण म्हटलं, गेला बोर्ड खड्ड्यात. "तुमच्या जिभेला काय झालं होतं?" मी म्हटलं. "दारात आलेलं घालवलंत. त्या विचारत होत्या तुम्हाला. आणखी काय, त्यांनी खाली येऊन हात धरायला हवा होता?"

मी ऐकलं हे त्यांच्या लक्षात आलं. पेन्सिल टेबलावर इकडून तिकडे केली.

"ओठांवर आलं होतं," ते म्हणाले. "पण मला सवय नाही. आधी कागदावर लागतं."

मला इतका राग आला, की रडू यायला लागलं, आणि मी त्यांच्या खोलीत रडणार नव्हते. मी परत येऊन बोर्डावर बसले. चार दिवस आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही. त्यांच्या बाजूनं नेहमीचंच होतं.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले, पुढच्या वर्षी मी. राज्यपालबाई त्याआधीच बदलून गेल्या. नव्यांनी वाचनप्रत बंद केली, समोर काचेवर अक्षरं सरकतात म्हणे. श्वास कुठे घ्यायचा ते त्या काचेला ठाऊक नसतं, ते राज्यपालांचं राज्यपाल बघून घेतात.

निवृत्तीनंतर मला करायला काही नव्हतं. वहिनीच्या स्वयंपाकघरात दोघींना जागा नव्हती. एक दिवस मी उठून विधिमंडळाच्या ग्रंथालयात गेले, त्या वर्षाचं कामकाजाचं पुस्तक मागितलं आणि अभिभाषणाची छायाप्रत काढून घेतली. बासष्टच्या बासष्ट परिच्छेद. वर लिहिलेलं, राज्यपाल यांनी पुढीलप्रमाणे भाषण केले. खोटारडे मेले, मी म्हटलं, आणि घडी करून पर्समध्ये घातली.

रविवारी दुपारी कुलूपवाल्याच्या दुकानावरून तिसरा मजला चढले. त्यांनी दार उघडलं. बारीक झाले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण टेबल पुसलेलं आणि त्यावर पेन्सिल टोक करून ठेवलेली. काय लिहिता, विचारलं, तर म्हणाले, काही नाही. भिंतीवर तिचा फोटो होता, दवाखान्याच्या पायऱ्यांवरचा. मी आवाजच ओळखत होते, चेहरा पहिल्यांदा पाहिला. हसरी होती.

"बसा," मी म्हटलं, त्यांच्याच घरात. "तुम्हाला वाचून दाखवायचंय."

त्यांनी कागद डोळ्यांशी नेला, ओळखला. "यात रेघा नाहीत," म्हणाले.

"मग मारा."

तासभर लागला. भिंग घेऊन, नाक कागदाला टेकवून. मला दम कुठे लागतो ते त्यांनी विचारलं नाही. सगळ्या रेघा बरोबर जागी होत्या. मी पाहतच राहिले. एकवीस वर्षं मी एकटीच ऐकत नव्हते तर.

मग मी उभी राहिले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सन्माननीय सदस्यहो. रस्ते, पाटबंधारे, शाळांची छपरं. ते समोर बसले होते, हातात पेन्सिल, डोळे मिटलेले. कोणी बाक वाजवला नाही. खाली कुलूपवाल्याची कानस तेवढी चालू होती. चाळिसावा, गोदामांचा. मग एकेचाळिसावा.

"त्यांपैकी एका परिचारिकेने लशींची पेटी अखेरपर्यंत पाण्याबाहेर धरून ठेवली होती."

तीन रेघा. मी थांबले. त्यांचा हात वर आला, पेन्सिल वर, जशी रोज साडेपाचला यायची तशी. मी एक, दोन, तीन मोजलं. हात खाली येईना. मी मोजायचं सोडून दिलं आणि नुसती उभी राहिले.

"ये," ते म्हणाले.

अगदी हळू. आणखी एकदा म्हणाले, "ये हं. सांभाळून."

ते मला नव्हतं, हे मला कळत होतं. मला ते कधी अगंतुगं करत नसत. तरी माझी ओळ निसटली, ते खोटं कशाला सांगू. मग पेन्सिल खाली आली. मी पुढचं वाक्य वाचलं, की त्या लशी दुसऱ्या दिवशी मुलांना देण्यात आल्या, आणि त्यापुढचं. मग मत्स्यबीज. मग बाकीचे वीसही वाचले, एक गाळला नाही. चौदा-पंधरा वर्षांत अभिभाषण पुरतं वाचलं गेलं ते तेव्हा. संपलं तेव्हा खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. ते म्हणाले, "सोळाव्यात जरा घाई झाली."

"राज्यपालांना सांगा," मी म्हटलं. ते थोडंसं हसले.

मी पर्स उचलली. त्यांनी भाषण समोर ओढून घेतलं होतं आणि भिंगाखाली सोळावा परिच्छेद शोधत होते. दारात उभी राहून मी म्हटलं, "येते हो."

त्यांनी मान वर न करता पेन्सिल वर केली. मी क्षणभर थांबले, आणि मग जिना उतरले.